नागपूरचा कापूस बाजार आणि हायाशी साहेबांची बोटे

सावनेराहून नागपुरास जाणे ही काही मोठी यात्रा नव्हे. छोट्या रुळाची गाडी सकाळी सुटते व दुपारच्या जेवणाच्या आधी इतवारी स्टेशनावर उतरवून देते. तरीही कापसाच्या हंगामात प्रथमच नागपुरास जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांस काही गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून हे वर्णन लिहिण्यास घेतले आहे. माझे शिक्षण मराठी चौथ्या इयत्तेपर्यंत झाले. बोलताना आम्ही सारे आमच्या बोलीतच बोलतो. लिहिताना मात्र शुद्ध लिहावे, असे आमच्या गुरुजींनी शिकवले व ते मी आजवर पाळले आहे. ज्यांचे बोलणे येथे दिले आहे, ते मात्र त्यांच्या तोंडी होते तसेच दिले आहे.

मी जाण्याचे कारण माझी पुतणी मथुरा. माझा धाकटा भाऊ लवकर वारला, तेव्हा ही मुलगी माझ्या घरी वाढली. तिचे लग्न नागपुरास करून दिले. जावई कचेरीत नोकरीस होते, तेही तापाने गेले. मथुरा सासूजवळ सीताबर्डीस राहिली, शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण झाली व शिकवण्या करू लागली. अलीकडे एका जपानी कापूस कंपनीने आपल्या खरेदीदारांस मराठी व हिंदी शिकवण्याचे काम तिला दिले होते. दुभाष्याच्या तोंडाने कापूस घेण्यापेक्षा आपल्याच माणसाने शेतकऱ्याशी बोलावे, असे त्या कंपनीच्या मनात आले होते.

आमच्या समोरचे धान्याचे व्यापारी रामाजी साव नागपुराहून परतले आणि माझ्या दुकानात चार माणसे बसली असता म्हणाले, "आबाजी, तुमची मथुरा सायबाले शिकवून राहिली म्हन्ते. सायेब रोज घरी येते. बाजारात समदे बोलून राहिले."

 मी सुपारी कातरीत होतो, ती कातरीत राहिलो. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली व मथुरेस कायमची घरी घेऊन यावयाचे ठरवले. पत्नीने भाकरी बांधून देताना इतकेच म्हटले, "पोरगी आपली हाय. लोकाइच्या तोंडानं तिले आनू नका."

थंडीच्या दिवसांत या गाडीने जाणाऱ्यांनी घोंगडी अवश्य घ्यावी, कारण खिडक्यांच्या लाकडी झडपा पूर्ण मिटत नाहीत. पाटणसावंगीस गाडी बराच वेळ उभी राहते. तेथे फुटाणे चांगले मिळतात. संत्री मात्र गाडीत घेऊ नयेत, नागपुरात ती अधिक गोड व स्वस्त पडतात. दोन्ही बाजूंस पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेते पांढरी झाली होती व वेचणाऱ्या बाया ओळीने वाकल्या होत्या. असा देखावा पाहून मन प्रसन्न व्हावे. माझे झाले नाही, कारण मथुरेस काय व कसे सांगावे याची वाक्ये मी मनात रचीत होतो.

इतवारीस उतरताच टांगेवाले घेरतात. त्यांचा पहिला भाव कधीही मान्य करू नये.

"सीताबर्डीचे आठ आने, बाबूजी."

"काहून गा? घोडा चांदीचा हाय का?"

"घोडा साधाच हाय जी, पर बाबूजी वजनदार दिसून राहिले. चला, अजून तिघं घेतो, दोन आने द्या."

या बोलण्यावर मी हसलो नाही, पण टांग्यात बसलो. महालातील गर्दी, मग जुम्मा तलावाचे पाणी, मग समोर सीताबर्डीची टेकडी व तिच्यावरील किल्ला, असा रस्ता आहे. टेकडीखाली दुकानांच्या पाट्या तीन भाषांत रंगवलेल्या आहेत व दोन्ही बाजूंनी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. उतरण्यासाठी धर्मशाळा स्वच्छ आहे. जेवण्यासाठी कापूस बाजाराच्या अलीकडे एक खाणावळ आहे. तेथील वडाभात, वर कडक तेलाची फोडणी व ताकाची कढी, ही नागपुरास जाणाऱ्याने चुकवू नये.

मथुरेचे बिऱ्हाड एका शिंप्याच्या दुकानावर आहे. पुढच्या खोलीत फळा, एक मेज व दोन खुर्च्या. सज्ज्याकडील दार वर्ग चालू असता उघडे असते आणि तिच्या सासूबाई उंबऱ्यावर फुलवाती वळीत बसतात. वर्ग संपेपर्यंत त्या तेथून हलत नाहीत. हे मी स्वतः पाहिले आहे.

मथुरेने पायांवर डोके ठेवले. "मोठे बाबा, अचानक आले? मोठी आई बरी हाय ना?"

मी रचलेली वाक्ये सरळ सांगून टाकली. ती रडली नाही, वादही घातला नाही. पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "गुरुवारलोक थांबता का? गुरुवारी माह्या वर्गातले हायाशी साहेब बाजारात सौदा करनार हायत. या हंगामात दोनदा बसले, दोन्ही वेळा शेतकरी रागानं उठून गेले. मॅनेजर म्हन्ते, बाईनं शिकवलं नाही बरोबर. आता गुरुवारी तो स्वतः येऊन पाहनार. जमलं नाही तं वर्ग बंद."

"आन वर्ग बंद झाला तं?"

"मंग तुमाले न्यायचा तरास नाही. मी आपल्या पायानंच येईन."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितले की मी गुरुवारपर्यंत थांबण्याचा शब्द दिला. शब्द देताना मला असेही वाटले की गुरुवारी ते काम आपोआप होईल व मला कठोर व्हावे लागणार नाही.

हायाशी साहेब दुपारी आले. वय तिशीच्या आत, अंगात पांढरा कोट, बूट त्यांनी जिन्यातच काढून नीट जोडून ठेवले. मला पाहून कमरेत वाकले व म्हणाले, "आपण बसावे. प्रवासात आपणांस कष्ट तर झाले नाहीत ना?"

साठ वर्षांच्या आयुष्यात नागपूर जिल्ह्यात मला असे मराठीत कोणी विचारले नव्हते. मी खुर्चीवर अधिक ताठ बसलो.

मथुरेचा वर्ग मी लक्षपूर्वक पाहिला. तिच्या हातात पुस्तक होते, पण ती पुस्तकास फारशी चिकटून राहत नव्हती. ती एकदम काटोलकडचा शेतकरी होई व म्हणे, "पाहू जी, घरी इचारून सांगतो." मग पुन्हा शिक्षिका होऊन विचारी, "आता हा काय म्हणाला?"

"तो घरी जाऊन विचारणार आहे."

"नाही. त्याला भाव पटलेला नाही, आणि तुमच्या तोंडावर नाही म्हणणे त्याला बरे वाटत नाही. आता तुम्ही काय कराल?"

साहेब विचार करून म्हणाले, "मी त्याच्या घरच्या मंडळींचे कुशल विचारीन."

"हे बरोबर." नंतर तिने शिकवले की कापूस हातात घेताना तोंड वाकडे करू नये, कोणी पान पुढे केले तर घ्यावे, खायचे नसले तरी खिशात ठेवावे, आणि सौद्यात गप्प बसू नये. त्यांच्या देशात विचार करणारा माणूस गप्प बसतो व समोरचाही थांबतो. आमच्या बाजारात खरेदीदार गप्प झाला की मालात खोट काढतो असे वाटते. ही गोष्ट आम्हांस इतकी सवयीची आहे की ती शिकवावी लागते, हे माझ्या कधी मनात आले नव्हते.

मी विचारले, "हाताच्या सौद्याचा सराव कोनासंगं करते?"

मथुरेने खडू खाली ठेवला. "कोनासंगंच नाही. नेम तोंडानं सांगतला. उपरन्याखाली परक्या मानसाच्या हातात मी हात कसा देऊ, मोठे बाबा?"

बाजारातील लोक जे बोलत होते, त्याचे हे उत्तर तिने न मागता दिले. मला ते पोचले, तरी मी तसे दाखवले नाही.

ज्या वाचकांनी कापसाचा बाजार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे भाव मोठ्याने बोलत नाहीत. घेणारा व विकणारा जवळ बसतात, हातांवर उपरणे टाकतात व आत बोटांनी बोलतात. मोठा आकडा त्या दिवशीच्या बाजारात सर्वांस ठाऊकच असतो. त्यावर किती रुपये, एवढेच ठरवावयाचे असते. जितके रुपये तितकी बोटे सरळ पुढे करावीत, समोरच्याने ती पकडून ओळखावीत, मूठ म्हणजे पाच. वर तोंडाने मात्र पावसापाण्याच्या, मुलाबाळांच्या गोष्टी चालू असतात, म्हणजे बघणाऱ्यास काही कळू नये. बोटे एक सांगत असता तोंड दुसरे बोलत राहील, हेच या कामातील कसब.

असे सौदे मीही सावनेरास पुष्कळ केले होते, म्हणून माझे उपरणे काढले व साहेबांस समोर बसवले. मी शेतकरी झालो व मूठ देऊन पाच मागितले. साहेब म्हणाले, "यंदा आपल्या विहिरीस पाणी किती आहे?" आणि त्यांनी चार बोटे दिली. पहिल्याच बोलीत चार, म्हणजे माणूस उदार आहे. मी रीतीप्रमाणे अडून बसलो व पुन्हा मूठ दिली. साहेब म्हणाले, "बैल कोठून आणले?" आणि त्यांनी तीन बोटे दिली.

मला वाटले माझीच चूक झाली. मी पुन्हा मूठ दिली. आता दोन आली. पुन्हा दिली, तर एकच करंगळी माझ्या हातात आली. आणि वर ते हसतमुखाने माझ्या मुलाबाळांचे कुशल विचारीत होते.

विकणारा अडून बसतो तेव्हा घेणारा चढतो. हा उतरत होता. जितका मी मान राखून बसलो, तितका हा माझा माल हलका करीत होता. दोन शेतकरी का उठून गेले ते मला कळले. मीही हात ओढून घेतला व उठलो.

"मथे, ट्रंक भर. हा मानूस आपल्या तोंडावर थट्टा करून राहिला."

साहेब उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझ्या हातून काही अपराध घडला काय? मी प्रत्येक वेळी अधिक दिले."

"अधिक?" असे म्हणून मी जिना उतरलो. ज्याने चारावरून एकावर यावे व त्याला अधिक म्हणावे, त्याच्याशी पुढे बोलणे मला उचित वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा मथुरेची ट्रंक खरोखरच भरलेली होती व तिला दोरीही बांधलेली होती. सासूबाई वाती न वळता नुसत्या बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आबाजी, हिले नेता तं माह्या भाकरीचं कसं, ते मले काई समजत नाही. पर तुमी मोठे हा."  गुरुवारपर्यंतचा शब्द मी दिला होता, तो मोडणे माझ्या स्वभावात नव्हते. म्हणून वर्गात येऊन बसलो.

साहेब आले, माझ्यासमोर वाकले आणि मुकाट बसले. मथुरेने त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून सोपा धडा घेतला. "घरी कोण कोण आहे, ते सांगा."

"घरी माझी आई आहे," असे म्हणून साहेबांनी उघडा पंजा वर धरला व अंगठा आत मिटला. "माझा वडील बंधू आहे." तर्जनी मिटली. "त्यांची पत्नी." मधले बोट मिटले. "एक लहान बहीण." अनामिकाही मिटली. आता फक्त करंगळी वर उभी होती.

"किती झाले?" मथुरेने विचारले.

"चार," असे साहेब म्हणाले.

माझ्यासमोर एक करंगळी उभी होती व ते चार म्हणत होते.

मी जागेवरून उठलो. "सायेब, थांबा. दोन दाखवा."

त्यांनी अंगठा व तर्जनी मिटली. तीन बोटे वर राहिली.

"एक दाखवा."

अंगठा मिटला. चार बोटे वर राहिली.

मी खाली बसलो. त्यांच्या मुलखात आकडा मिटलेल्या बोटांत असतो, आमच्या मुलखात सरळ बोटांत. काल ते एकावरून चारापर्यंत चढले होते व मला ते चारावरून एकापर्यंत उतरलेले वाटले होते. वर हसतमुखाने कुशल विचारीत होते, कारण त्यांना तसे शिकवले होते व ते मनापासून देत होते. उपरण्याखाली कोणाला दिसणार?

मथुराही पाहतच राहिली होती. "मोठे बाबा, हे मी रोज पाहते. असंच मोजते ते. पर मी आकडा कानानं ऐकत होती, बोटाइकडे पाहतच नव्हती."

"मीबी काल उपरनं काढून पाह्यलं असतं तं कळलं असतं," मी म्हणालो.

साहेबांस समजावून सांगताना मथुरेस मराठी पुरली नाही. तिने फळ्यावर दोन पंजे काढले. साहेबांनी ते पाहिले, डोळ्यांवर हात ठेवला व आपल्या भाषेत काही पुटपुटले. मग मराठीत म्हणाले, "त्या दोन शेतकऱ्यांचा मी अपमान केला. आणि आपलाही."

"माहा नाही," मी म्हणालो. हे पूर्ण खरे नव्हते, पण म्हणणे आवश्यक होते. "आना हात."

तो दिवस आम्ही उपरण्याखाली घालवला. बोटे सरळ करताना साहेबांचा अंगठा आपोआप आत जाई, तेव्हा मी तो चिमटीत धरून बाहेर ओढी. मथुरा फळ्यापाशी उभी राहून त्यांच्याकडून बोलणे करवून घेई, कारण बोटांकडे लक्ष गेले की त्यांचे तोंड बंद पडे. ती तोंड शिकवीत होती व मी हात. दुपारी सासूबाईंनी पाटवडीचा रस्सा केला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले तरी त्यांनी वाटी रिकामी केली व पुन्हा मागितली. सासूबाई म्हणाल्या, "मरंल गा हा पोरगा, पर नाही म्हननार नाही."

गुरुवारी कापूस बाजारात पाय ठेवण्यास जागा नव्हती. पाहण्यास जाणाऱ्यांनी जुने कपडे घालावेत, कापसाची म्हातारी उडून अंगभर चिकटते. बाजारातील एका अडत्याने मला ओळखले व मोठ्याने म्हटले, "काय आबाजी, पुतनीच्या सायबाची राखन कराले आले का?" आजूबाजूचे हसले. मी म्हणालो, "हो. तुमीबी थांबा, पाहा." याहून चांगले उत्तर त्या वेळी सुचले नाही.

कंपनीचा मॅनेजर छत्री टेकून उभा होता. साहेब तुकारामजी नावाच्या काटोलकडील वृद्ध शेतकऱ्याच्या गाडीपाशी बसले. कापूस उत्तम होता, धागा लांब. तुकारामजींनी साहेबांकडे पाहिले, मग आपल्या मुलाकडे पाहिले व नाइलाजाने उपरणे टाकले. मागील दोन सौद्यांची कथा त्यांच्या कानावर आलेलीच असणार.

आत काय चालले ते मला दिसत नव्हते. केवळ कापड हलत होते. साहेब म्हणाले, "आपल्या कन्येचा विवाह यंदा योजिला आहे काय?"

तुकारामजींनी डोळे बारीक केले. "कन्या कुठली गा सायेब, माह्ये दात पाहा. नातीचं लगन हाय."

"मग नातीच्या विवाहास मला बोलवावे. मी येईन."

"याल? खाली बसून जेवाल?"

"बसेन. पाटवडीचा रस्साही खाईन."

भोवतालचे हसले, आणि या वेळच्या हसण्यात टोचणी नव्हती. कापड हलले, थांबले, पुन्हा हलले. तुकारामजींच्या कपाळावरील आठी सैल झाली. त्यांनी एकदा मान हलवली, साहेब थांबले, पण गप्प राहिले नाहीत. नवरदेवाचे गाव कोणते, असे त्यांनी विचारले. माझा स्वतःचा हात धोतराच्या काठात गच्च मुठीत होता, हे मला नंतर कळले. मग तुकारामजींनी उपरणे ओढून खांद्यावर टाकले व मुलास म्हणाले, "गाडी वळव. माल देल्ला."

मॅनेजर हायाशी साहेबांशी काही बोलला, आणि जाताना त्याने माझ्याकडे पाहून टोपीस हात लावला. मी नमस्कार केला. नंतर हायाशी साहेब बाजाराच्या मध्यभागी माझ्यापुढे कमरेत वाकले. त्या अडत्याने ते पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

मथुरा बाजारात आली नव्हती, बायका येत नाहीत. मी जिना चढून वर गेलो. ट्रंक दाराशी होती, त्यावर तिचे अंथरूण होते. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले व समजली, पण ट्रंकेजवळून हलली नाही. माझा शब्द गुरुवारपर्यंतचा होता व गुरुवार आला होता. ती म्हणाली, "आता गाडी किती वाजता हाय, मोठे बाबा?"

मी खाली बसून दोरीची गाठ सोडू लागलो. गाठ घट्ट बांधलेली होती, मला नखे लावावी लागली. सासूबाई उंबऱ्यावरून पाहत होत्या.

"माही सकाळची हाय," मी म्हणालो. "तुह्यी नाही."

तिने ट्रंकेवरचे अंथरूण उचलून आत ठेवले. मग सांगितले की कंपनी पुढील महिन्यात आणखी दोन खरेदीदार पाठवणार आहे, ते नवीन आहेत, त्यांच्या हाताचे कसे करावे हा प्रश्न आहे. मी म्हणालो, "मंगळवारी दुकान माहा पोरगा पाहते."

परतीच्या गाडीत जागा खिडकीजवळ मिळाली. पऱ्हाटी तीच होती, या वेळी मी ती पाहिली. घरी येऊन दोन रात्री झाल्यावर हे लिहीत आहे. या प्रवासातून काय उरले असे कोणी विचारल्यास नेमके सांगणे कठीण आहे. चाळीस वर्षे मी उपरण्याखाली सौदे केले व समोरच्याची बोटे मला वाचता येतात असा मला अभिमान होता. तो अजूनही आहे. फक्त आता एखादा माणूस मला उणे देतो आहे असे वाटले तर मी त्याला आधी मोजावयास सांगेन.

रामाजी सावांनी विचारण्याआधीच मी दुकानात सर्वांसमक्ष सांगितले की मथुरा नागपुरासच राहील, तिचा वर्ग मी पाहिला आहे, व दर मंगळवारी मी त्या वर्गात शिकवण्यास जाणार आहे. रामाजींनी तंबाखू मळली व म्हटले, "बरं हाय." त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही.

पत्नी आता तिळाचे लाडू बांधीत आहे. तिने पानांत दोन पुड्या केल्या आहेत. एक मथुरेची. दुसरी कोणाची असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "त्या पोराची. त्याची माय लय दूर हाय."